राष्ट्रपतींचं घोडदळ: नुसता दिमाख की खरी लढाऊ तुकडी?

खोगीरभरती (धागाकर्ता)

प्रजासत्ताक दिनाच्या धाग्यावर दरवर्षी एक वाक्य हमखास येतं: "ते लाल कोटवाले घोडेस्वार म्हणजे शोभेचे. लढाईत त्यांचा काय उपयोग?" मग चार जण देशभक्तीची भाषणं ठोकतात, चार जण खर्चाचा हिशोब मागतात आणि मूळ धागा बुडतो. म्हणून हा वेगळा धागा.

थोडक्यात पार्श्वभूमी. प्रेसिडेंट्स बॉडीगार्ड, म्हणजे पीबीजी, ही भारतीय लष्करातली ज्येष्ठताक्रमात पहिली रेजिमेंट. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बनारसला उभी केली. सुरुवातीला निवडक ५० मोगल स्वार, त्यात बनारसच्या राजा चेतसिंगाने आणखी ५० दिले. आज मनुष्यबळ दोनशेच्या आसपास. हिवाळ्यात लाल लांब कोट, उन्हाळ्यात पांढरा, हातात लाल-पांढऱ्या पताकेचा भाला. घोडे गडद तांबूस-तपकिरी, फक्त तुतारीवाल्याचा घोडा पांढरट.

हीच माणसं पॅराशूटने उडी मारायला शिकलेली असतात आणि चिलखती गाड्याही चालवतात. १९४४ मध्ये त्यांची ४४व्या एअरबोर्न डिव्हिजनची टेहळणी स्क्वाड्रन केली गेली, हवाई छत्रीचा वारसा तिथून आला. पुढे १९६२ ला लडाखमधलं चुशूल, श्रीलंकेतली शांतिसेना, सियाचीन, संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली सोमालिया, अंगोला, सिएरा लिओन.

प्रश्न असा: एकाच माणसाकडून पागा, परेड आणि लढाई ही तिन्ही कामं करून घेताना नेमकं काय करावं लागतं आणि काय बिघडतं? जाणकारांनी तपशिलात लिहावं. छाती फुगवणारे प्रतिसाद दुसऱ्या धाग्यावर.

---

तंगतोबरा

पागेपासून सुरुवात करतो, कारण लोकांना परेडची पंधरा मिनिटं दिसतात, त्यामागचे तास दिसत नाहीत.

पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ ते दहा किलो चारा लागतो, शिवाय कामाप्रमाणे दाणा. पाणी तीस-चाळीस लिटर, दिल्लीच्या मे महिन्यात त्याहून बरंच जास्त. आधी पाणी, मग दाणा, आणि दाण्यानंतर निदान तासभर खोगीर नाही. भरल्या पोटी दुडकीला घातलं की पोटशूळ उठू शकतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे साधी वाटणारी पोटदुखी जिवावर बेतते. परेड सकाळी असेल तर दाण्याची वेळ पहाटे तीन-साडेतीनपर्यंत मागे जाते.

मग खरारा, ब्रश, खुरांतली घाण काढणं, आयाळ विंचरणं. लष्करात पूर्ण लांब आयाळ राखायची मुभा फक्त याच रेजिमेंटच्या घोड्यांना आहे, त्यामुळे ते काम इतर पागांपेक्षा जास्तच. नाल साधारण पाच-सहा आठवड्यांनी बदलायचे. यात चालढकल केली की खूर वाढून पुढे येतो, घोडा ठेचकाळतो, आणि डांबरी रस्त्यावर ठेचकाळलेला घोडा रांगेतल्या शेजाऱ्यालाही घेऊन जातो.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, आवळायची एक खोड सांगण्यासारखी. खोगीर ठेवल्यावर बरेच घोडे पोट फुगवून घेतात. एकाच दमात तंग आवळला तर पाच मिनिटांनी तो सैल पडतो आणि स्वार चढताना खोगीर एका कुशीवर फिरतं. म्हणून आधी हलका आवळायचा, घोडा दहा-वीस पावलं चालवायचा, मग पुन्हा दोन भोकं वर. स्वारी झाल्यावर तिसऱ्यांदा तपासायचा. खोगिराखालच्या घडीला सुरकुती राहिली तर तासाभरात पाठ सोलते, आणि पाठ सोललेला घोडा पंधरा दिवस बाद.

---

वाकडी_वाट

माहिती उत्तम. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो ना राव. रोज चार तास पागेत, दोन तास परेडच्या सरावात. उरलेल्या वेळात कसलं युद्ध शिकणार? ब्रिटिशांनी हे ओळखून सरळ वाटणी केली आहे. हाउसहोल्ड कॅव्हलरीची, म्हणजे त्यांच्या राजाच्या अंगरक्षक घोडदळाची, घोड्यांवरची तुकडी लंडनमध्ये, चिलखती गाड्यांची तुकडी बलफर्डला. माणसं आलटून-पालटून जातात, पण एका वेळी एकच काम. आपण मात्र सगळं एकाच्याच गळ्यात बांधतो.

---

पायदळी

वाकडी वाट, वाटणी करायला त्यांच्याकडे दोन अख्ख्या रेजिमेंटांचा गोतावळा आहे, इथे दोनशे माणसं. त्यातली निम्मी वेगळी काढली तर समारंभालाही पुरणार नाहीत आणि लढाईलाही नाहीत.

पण वेळेबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि खरी अडचण रोजच्या तासांची नसून महिन्यांची आहे. जानेवारी बघा: २६ ला संचलन, २९ ला विजय चौकात बीटिंग रिट्रीट, त्याच सुमारास अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी राष्ट्रपतींचं अभिभाषण, आणि या सगळ्याच्या रंगीत तालमी. उत्तर भारतात मैदानी सरावाला सगळ्यात चांगली हवा नेमकी याच दिवसांत असते. म्हणजे गाड्या, नेमबाजी, रात्रीच्या हालचाली हे सगळं समारंभांतून उरलेल्या आठवड्यांत बसवायचं.

उभ्या राहिलेल्या गाड्यांचं काय होतं तेही लिहितो. महिनाभर चाकांची चिलखती गाडी हलली नाही की बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबून चपटे होतात, रबरी सील सुकून तेल झिरपायला लागतं. नुसतं इंजिन सुरू करून दहा मिनिटांत बंद केलं तर उलट नुकसान: इंजिन पुरतं तापत नाही, आत ओल धरते आणि बॅटरीही भरून निघत नाही. गाडी प्रत्यक्ष चालवायला हवी, ब्रेक आणि गिअर सगळे वापरून, तेल गरम होईपर्यंत. घोड्याला रोज फिरवावं लागतं हे सगळ्यांना पटतं, गाडीचं मात्र कोणी ऐकत नाही.

आता हवाई छत्री. आग्र्याच्या प्रशिक्षण शाळेत मूळ कोर्सला पाच उड्या असतात, त्यातली एक रात्रीची. उंची साधारण १२५० फूट, म्हणजे ३८० मीटर. गोल छत्री सेकंदाला पाच-सहा मीटरने खाली येते, म्हणजे हवेत जेमतेम सव्वा मिनिट. दारातून बाहेर पडताच "एक हजार, दोन हजार..." मोजायचं, चारपर्यंत छत्री उघडायला हवी. मान वर करून घुमट पाहायचा. फाटलाय, दोरी वरून आडवी गेलीय असं दिसलं तर राखीव छत्री. विचार करायला वेळच नाही, म्हणून जमिनीवर हे शेकडो वेळा घोकून घेतात.

---

तंगतोबरा

पायदळी, यात घोडेस्वाराची एक खास अडचण आहे, ती कोणी लिहीत नाही. उतरताना दोन्ही पाय आणि गुडघे घट्ट जुळलेले हवेत, गुडघे किंचित वाकलेले, भार चवड्यावर. मग अंग कुशीवर लोळवत न्यायचं: चवडे, पोटरीची बाजू, मांडी, कुल्ला, आणि शेवटी पाठीची तिरकी बाजू. धक्का पाच ठिकाणी वाटला जातो.

घोडेस्वाराला मात्र नेमकं याच्या उलट शिकवलेलं असतं: मांड्या फाकवून घोड्याला लपेटायच्या, टाच खाली दाबायची. महिनोन् महिने टाच खाली दाबण्याची सवय लागलेला माणूस घाबरला की टाचच पुढे करतो. छत्रीने उतरताना टाच आधी टेकली तर धक्का सरळ मणक्यात जातो. पाय फाकले असतील तर सगळा भार एकाच घोट्यावर येतो आणि तो घोटा मोडतो. म्हणून चांगला उस्ताद स्वारांना चार फुटांच्या चौथऱ्यावरून जास्त वेळा उड्या मारायला लावतो. काही उस्ताद गुडघ्यांमध्ये कापडाची घडी धरायला देतात. घडी पडली की उडी फुकट, पुन्हा चढा.

आणि मोडलेला घोटा म्हणजे निदान दोन-तीन महिने खोगीरही बंद. एकाच दुखापतीने दोन्ही कामं थांबतात, हा या दुहेरी व्यवस्थेचा खरा तोटा.

---

शमा_पुणे

फारच छान धागा. एक भाबडा प्रश्न. तोफा, बँड, टाळ्या, कॅमेरे यांत घोडे बिथरत कसे नाहीत? आमच्या गल्लीत वरातीची घोडी फटाक्याला उधळते.

---

तंगतोबरा

शमाताई, बिथरतात. मुरलेला घोडासुद्धा बिथरू शकतो. एप्रिल २०२४ मध्ये लंडनला बांधकामाचा राडारोडा वरून पडल्याच्या आवाजाने हाउसहोल्ड कॅव्हलरीचे घोडे स्वारांना पाडून भर शहरात धावत सुटले होते, आणि ते रोज त्या रस्त्यांवरून जाणारे घोडे होते.

सवय लावायची पद्धत अशी. आवाज दाण्याच्या वेळी आणि लांबून सुरू करायचा. घोडा तोबऱ्यात तोंड घालून खात राहिला तर दोन दिवसांनी अंतर कमी. खाणं थांबवून कान टवकारले, मान वर झाली, तर तेच अंतर ठेवायचं. अंग ताठ करून मागे सरला तर उलट अंतर वाढवायचं. आवाज झाल्यावर दृश्य: फडकती पताका, छत्र्या, प्लास्टिकच्या पिशव्या, फुगे. शेवटी दोन्ही एकत्र, आणि तेही जुन्या शांत घोड्याच्या शेजारी. घोडा कळपातल्या ज्येष्ठाकडे बघून ठरवतो, की पळायचं का उभं राहायचं.

बिघडतं ते दोन कारणांनी. एक, घाई: परेडची तारीख जवळ आली म्हणून आठवड्याचं काम दोन दिवसांत. दुसरं, दचकलेल्या घोड्याला लगामाचा हिसका किंवा टाचेच्या आरीचा टोचा. त्याच्या डोक्यात मग "तोफ म्हणजे तोंडाला दुखणं" असं समीकरण बसतं आणि पुढच्या वेळी तो तोफेआधीच नाचायला लागतो. दचकला तर लगाम स्थिर ठेवायचा, पाय शांत ठेवायचे आणि त्याला पुढे चालतं ठेवायचं. जागेवर दाबून धरलेला घोडा मागच्या पायांवर उभा राहतो.

पीबीजीचा 'विराट' आठवत असेल. हॅनोव्हेरियन जातीचा, २००३ मध्ये हेमपूरच्या रिमाउंट प्रशिक्षण शाळेतून आला, जानेवारी २०२२ मध्ये संचलनानंतर निवृत्त झाला, लष्करप्रमुखांचं प्रशस्तिपत्र मिळालेला. लोकांना ते कौतुक गमतीचं वाटलं. पण इतकी वर्षं गर्दीत न डगमगणारा घोडा म्हणजे त्याच्या शेजारून शिकून गेलेले कितीतरी नवे घोडे.

---

वाकडी_वाट

ठीक, घोड्याचं पटलं. भाल्याचं मात्र नाही. आजच्या युद्धात भाल्याचा सराव करून काय साधतं?

---

तंगतोबरा

भाला म्हणून काही नाही. तिथे मतभेद नाही.

पण भाला धरून रांगेत चालणं वाटतं तितकं सोपं नसतं. भाल्याचं बूड उजव्या रिकिबीला लावलेल्या छोट्या चामडी खोबणीत बसतं, वरचा भाग दंडात अडकवलेल्या पट्ट्याने सावरतो. नवखा माणूस मनगटाने भाला धरून ठेवतो. दहा मिनिटांत हात भरून येतो, टोक पुढे झुकतं, आणि पताका शेजारच्या घोड्याच्या डोळ्यावर फडफडते. वजन रिकिबीवर सोडून द्यायचं, हाताने फक्त उभा ठेवायचा. भाल्यांची टोकं एका रेषेत यायची तर रिकिबीची लांबी घोड्याच्या आणि माणसाच्या उंचीप्रमाणे जुळवावी लागते, नाहीतर कितीही सराव करा, रांग करवतीच्या दात्यांसारखी दिसते.

वळणाचं गणित बघा. चार घोडे शेजारी-शेजारी, दोघांत साधारण एक मीटर. आतला घोडा ५ मीटर त्रिज्येने काटकोनात वळला तर तो ८ मीटरच्या आसपास चालतो, बाहेरचा साडेबारा. म्हणजे आतल्याने चाल जवळजवळ जागच्या जागी आखडायची आणि बाहेरच्याने लांब टाकायची, तीही कदम न मोडता. आतला घाईत वळला की बाहेरच्याला दुडकी धरावी लागते, बाहेरचा पळतोय बघून मागची रांगही दुडकीला लागते, आणि बग्गीच्या पुढे गर्दी होते. वळणाआधी चार-पाच मीटरवरच आतल्याने आखडायला हवं. चिलखती गाड्यांच्या ताफ्यातही अंतर असंच तुटतं: पुढचा जरा हळू झाला की सातव्या गाडीला करकचून ब्रेक लावावा लागतो.

---

पायदळी

तुमच्या गाड्यांच्या उदाहरणाला माझा अर्धा होकार. वळणावर अंतर राखायची नजर तयार होते हे खरं. पण परेडमुळे माणूस चांगला लढवय्या होतो असं कोणी म्हणालं की मला शंका येते. परेड एक ठरलेली गोष्ट बिनचूक करायला शिकवते. लढाईत ठरलेलं सगळं कोलमडल्यावर तुकडीच्या नायकाने स्वतः ठरवायचं असतं. ते शिकायला रात्रीचा मैदानी सराव, नकाशा, बिघडलेला वायरलेस आणि दमलेली माणसंच लागतात.

शारीरिक कसोटी मात्र दोन्हीकडे एकच. बॅटल फिजिकल एफिशियन्सी टेस्टमध्ये सामानासह ५ किलोमीटर, तिशीच्या आतल्याने २५ मिनिटांत केले तर 'एक्सलंट'. वर ६० मीटर धाव, दोर चढणं, आडव्या दोरावरून जाणं, ९ फुटांचा खंदक उडी मारून पार करणं. घोड्यावर मांडीचा आतला भाग आणि कंबर तयार होते, पण पोटरीची आणि छातीची ताकद त्याने येत नाही. रोज स्वारी करणारा माणूस पाचव्या किलोमीटरला मागे पडतो. म्हणून धावण्याचा सराव वेगळा धरावा लागतो. घोडेस्वारीत तो 'आपोआप होतो' हा गैरसमज.

---

गणेशखिंडकर

थोडं अवांतर, पण मराठी वाचकांसाठी. या रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत जावा, आवा, मुदकी, फिरोजशहा, अलिवाल, सोबरांव यांच्याबरोबर 'महाराजपूर' आहे. १८४३ ची ती लढाई ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या सैन्याशी झाली होती. म्हणजे आज आपण ज्यांना सलामी देताना बघतो त्यांच्या पूर्वसुरींनी मराठी सरदाराच्या फौजेशी लढून मिळवलेला तो मान.

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचंही असंच अंगरक्षक दल होतं. १८६५ मध्ये सदर्न मराठा इरेग्युलर हॉर्समधले स्वार घेऊन पुण्याला गणेशखिंडीत उभं केलं, १९४७ ला मोडलं. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे त्या गव्हर्नरांचा बंगला.

---

शमा_पुणे

मग आता पीबीजीत मराठी मुलं का नसतात? उंचीमुळे?

---

खोगीरभरती (धागाकर्ता)

उंचीची अट आहेच, सहा फूट. पण तेवढंच नाही. स्वारांची भरती जाट, राजपूत आणि जाट शीख यांच्यातूनच होते. २०१३ मध्ये लष्कराने सर्वोच्च न्यायालयात हे मान्य केलं आणि कारण दिलं समारंभासाठी लागणाऱ्या एकसारख्या ठेवणीचं, जातीचं नव्हे. मला स्वतःला हे कारण तोकडं वाटतं. सहा फुटी मुलगा साताऱ्यातही सापडतो आणि कोट-साफ्यात वीस पावलांवरून कोणाची जात दिसत नाही. पण यावर वेगळा धागा काढा, इथे पेटवू नका.

---

नवशिका_कॅडेट

एनसीसीत आहे. गार्ड ऑफ ऑनरला उभं राहायचंय, चाळीस-पन्नास मिनिटं. गेल्या वेळी आमच्या तुकडीतले दोघं कोसळले. उपाय सांगा. घोड्यावरच्यांना असं होतं का?

---

पायदळी

घोड्यावर कमी होतं, कारण घोडा हलतो आणि पायाचे स्नायू थोडे तरी काम करत राहतात. उभ्या माणसाचं रक्त पायांत साचतं. एरवी पोटरीचे स्नायू आवळून ते वर ढकलतात. सावधानमध्ये गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ केले की हा पंप बंद पडतो, मेंदूला रक्त कमी मिळतं, आणि माणूस काठीसारखा पुढे पडतो.

उपाय साधे. आदल्या रात्रीपासून पाणी, फक्त सकाळी घटाघटा नाही. नाश्ता कराच, उपाशी पोटी उभं राहणं हे कोसळण्याचं पहिलं कारण. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळू नका. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजे ३० अंशांवर, पण गुडघे केसभर सैल. बाहेरून दिसत नाही. बुटाच्या आत बोटं आवळा-सोडा, पोटऱ्या आवळा-सोडा, दर अर्ध्या मिनिटाला. नजर एका चमकत्या वस्तूवर रोखू नका.

कान वाजणं, कडेने काळं होणं, घाम एकदम थंड पडणं ही सूचना. तेव्हा मांड्या आणि कुल्ले जोरात आवळून धरा. नाहीच थांबलं तर सरळ एक गुडघा टेका. संगीन लावलेल्या रायफलीसह तोंडावर पडण्यापेक्षा उस्तादाची शिवी परवडते. पडलेल्याला लगेच उठवून उभं करू नका. आडवा ठेवा, पाय वर, पट्टा आणि गळ्याचं बटण सैल.

---

वाकडी_वाट

तोफांचा विषय निघालाच आहे म्हणून. २१ तोफांची सलामी राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत बसते आणि दर २.२५ सेकंदाला एक बार, असं सगळीकडे छापलेलं असतं. पण २१ बारांत अंतरं २० च असतात. २.२५ ने ४५ सेकंद होतात. ५२ भरायचे तर २.६ हवेत. कोणीतरी कधीतरी गणित करायला हवं होतं.

---

तंगतोबरा

हा हिशोब आवडला. त्याच तोफांबद्दल: २०२३ पासून जुन्या २५ पाउंडरच्या जागी देशी १०५ मिमी तोफा आल्या. घोड्यांच्या दृष्टीने हा बदल छोटा नाही. आवाजाचा पोत बदलला की जुन्या घोड्यालाही तोबऱ्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

---

शमा_पुणे

हे सगळं जवळून बघायचं असेल तर? २६ जानेवारीची तिकिटं मिळत नाहीत.

---

खोगीरभरती (धागाकर्ता)

राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात शनिवारी गार्ड बदलण्याचा समारंभ होतो. वेळ ऋतूप्रमाणे बदलते, राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर आधी नाव नोंदवा, सरकारी ओळखपत्र बरोबर ठेवा. बसायला जागा मिळाली तर घोडे ज्या कोपऱ्यावर वळतात तिथली घ्या आणि आतल्या घोड्याकडे बघा. तुतारीवाल्याकडेही लक्ष ठेवा: चांदीची तुतारी आणि तिला लटकवलेला ध्वज राष्ट्रपती स्वतः रेजिमेंटला देतात, मुर्मूंनी तो ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला. सोन्याचा मुलामा दिलेली बग्गी मात्र तिथे दिसेल असं धरून जाऊ नका. फाळणीत नाणेफेक जिंकून भारताकडे आलेली ती हीच. ती २०२४ च्या संचलनात चाळीस वर्षांनी पुन्हा निघाली.